पिल्लू माझ्या मागे येतंय की माझ्या गमबुटांच्या?

पाऊलवाट यांचा प्रश्न

नमस्कार. इथे प्रत्यक्ष पिल्लं वाढवलेली आणि पक्ष्यांचा अभ्यास केलेली मंडळी आहेत म्हणून विचारते आहे. थोडं लांबेल, पण तपशील गाळले तर प्रश्न कळायचा नाही.

माझी बदकीण सात अंड्यांवर बसली होती. एकोणिसाव्या रात्री कुत्र्याने तिला मारलं. सकाळी पाहिलं तर अंडी गार पडत आली होती, पण पुरती थंड झालेली नव्हती. धावपळ करून इन्क्यूबेटर मागून आणला आणि ३७.५ अंशांवर लावला. रात्री अंधारात बॅटरीवर धरून पाहिली तर पाच जिवंत होती. सव्विसाव्या दिवशी तीन अंड्यांतून आवाज यायला लागला. मी कान लावून बसायचे. एक थांबलं की दुसरं बोलायचं. त्यातल्या दोघांनी कवचाला टोचे मारले आणि तिथेच थांबली. एकच बाहेर आलं, अठ्ठाविसाव्या दिवशी पहाटे पावणेतीनला.

त्या दिवशी दुपारी, पीस सुकल्यावर, ते पहिल्यांदा जमिनीवर ठेवलं. मी खुराडं धुवून आले होते, पायात निळे गमबूट होते. पिल्लू दोनदा तोंडावर पडलं, उठलं आणि थेट बुटांपाशी आलं. मी चालले की चालायचं, थांबले की टाचेला टेकून बसायचं. आज आठवा दिवस. चपला घालून गेले तर ते मान वाकडी करून बघतं, दोन पावलं येतं, थांबतं आणि जिवाच्या आकांताने ओरडायला लागतं. मी बोलले की येतं, पण बिचकत. गमबूट नुसते कोपऱ्यात ठेवले, आत माझे पाय नसले, तरी त्यांना चिकटून झोपतं.

परवा आणखी एक झालं. मोबाइलवर बदकीण पिल्लांना हाक मारते तो आवाज शोधून लावला. पिल्लू गमबूट सोडून धावत सुटलं आणि मोबाइलच्या खाली चोच खुपसायला लागलं. मग कोंबडी पिल्लांना बोलावते तो आवाज लावला. नुसतं वर बघितलं, हललं नाही. पुन्हा बदक लावलं, पुन्हा धावलं. या पिल्लाने आयुष्यात बदकाची हाक ऐकलेली नाही. आई गेली तेव्हा ते अंड्यात होतं आणि अजून नऊ दिवस आतच राहणार होतं. मग ही ओळख आली कुठून? आणि आवाज उपजत कळत असेल, तर आई कशी दिसते हे का कळू नये? निळ्या रबराला आई मानायची वेळ का यावी?

शेवटचा प्रश्न विचारताना पोटात कालवाकालव होते. मी त्याचं नुकसान केलं का? हे पुढे बदकांत मिसळेल का?

---

जुनं खुराडं

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं. त्याच्याच वयाची एक-दोन पिल्लं आणा, आज-उद्याच. एकटं बदक वाढवू नये. पिल्लू झोपतं, खातं, पंख साफ करतं ते दुसऱ्याचं बघून आणि दुसऱ्याला खेटून. सोबत येईपर्यंत पेटीत एक आरसा ठेवा, तेवढाच आधार. ऊब पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. पाणी उथळ आणि थोडाच वेळ, आईविना वाढलेलं पिल्लू पटकन भिजून गारठतं.

आता माझा अनुभव. पूर्वी आमच्याकडे बदकाची अंडी खुडूक कोंबडीखालीच ठेवत. कोंबडी बिचारी २१ दिवसांऐवजी २८ दिवस बसायची. पिल्लं निघाली की तिच्या मागे रांगेत. पहिल्यांदा डबकं आलं की सगळी पाण्यात, आणि कोंबडी काठावर पिसं फुलवून ये-जा करत ओरडतेय. मी लहान होतो, मला तिचं फार वाईट वाटायचं. पण एक बघा. पाण्यात कसं शिरायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आई कोण हे मात्र त्यांनी कोंबडीवरूनच ठरवलं होतं, दमली की पाण्यातून निघून तिच्याच पंखांखाली शिरायची. मोठी झाल्यावर त्यातले काही नर कोंबड्यांच्या मागे लागत, शेजारी बदकिणी असताना. तेव्हा आम्ही म्हणायचो संगतीचा परिणाम. शास्त्र काय म्हणतं ते जाणकार सांगतील.

---

कवचाआड

'जुनं खुराडं' यांनी लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे, आणि पाऊलवाट, तुम्ही मोबाइलवर केलात तो प्रयोग वाचून मी खुर्चीतून उठलो. बदकाची हाक, मग कोंबडीची, मग पुन्हा बदकाची. गिल्बर्ट गॉटलीब नावाच्या शास्त्रज्ञाने उमेदीची वर्षं याच प्रश्नावर घालवली. मी स्वतः काही वर्षं कोंबडीच्या पिल्लांवर काम केलंय, त्यामुळे यातलं बरंच हाताने केलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आधी बुटांचं. अंड्यातून बाहेर पडून लगेच चालू लागणाऱ्या पिल्लांना, म्हणजे कोंबडी, बदक, हंस यांच्या पिल्लांना, जवळचं हलणारं काहीतरी पटकन ओळखून त्याच्या मागे राहावं लागतं. नाहीतर ती दिवसभरात हरवतील. या ओळख बसण्याला इम्प्रिंटिंग म्हणतात, ठसा बसणं म्हणू. डग्लस स्पॅल्डिंगने १८७३ मध्ये याचं वर्णन छापलं. तो पिल्लांचे डोळे अंड्यातून निघता निघताच छोट्या टोप्यांनी झाकायचा. एक-दोन दिवसांनी टोपी काढली की पिल्लू त्याच्याच मागे लागायचं. पण तीन पिल्लांच्या टोप्या त्याने जवळजवळ चार दिवस ठेवल्या. ती काढल्यावर तीच पिल्लं त्याला पाहून भेदरून उलटीकडे पळाली. एक पुस्तकांच्या मागे कोपऱ्यात घुसून थरथरत बसलं. टोपी आदल्या दिवशी काढली असती तर ते त्याच्यामागे चालत आलं असतं, असं त्याला वाटलं. म्हणजे ठसा बसायला एक वेळ असते, आणि ती टळली की अनोळखी वस्तूची भीती दार लावून घेते.

एकहार्ड हेसने १९५०च्या दशकात मॅलार्ड बदकाच्या पिल्लांवर ती वेळ मोजली. सगळ्यात पक्का ठसा बसतो तो बाहेर आल्यावर साधारण १३ ते १६ तासांनी. तुमचं पिल्लू पहाटे पावणेतीनचं आणि दुपारी गमबुटांसमोर. हिशेब तुम्हीच करा. तुम्ही काही चुकीचं केलं नाहीत, तुम्ही फक्त बरोबर त्याच तासाला तिथे होतात.

ऑस्कर हाइनरोथने हंसांच्या पिल्लांबद्दल १९११ मध्ये लिहून ठेवलंय की इन्क्यूबेटरमधलं पिल्लू हंसाच्या कुटुंबात सोडायचं असेल तर ते बाहेर काढताच पिशवीत घालावं, माणूस त्याच्या नजरेला पडू देऊ नये. एकदा त्याने तुमच्याकडे नीट बघितलं की मोठ्या हंसांना ते आपलं म्हणत नाही, ओरडत माणसाकडे पळत येतं. कॉनराड लोरेन्झने हेच काम पुढे नेलं, १९७३ च्या नोबेलच्या तीन मानकऱ्यांपैकी तो एक. ठसा कधीच पुसला जात नाही असं लोरेन्झचं म्हणणं होतं. तेवढं खरं ठरलं नाही. आईची ओळख बदलता येते, हे नंतरच्या प्रयोगांत दिसलं. पहिल्या ओळखीची खूण मागे राहते, पण पिल्लू नव्या सोबत्यांना स्वीकारतं. आठव्या दिवशी तुमचं दार बंद झालेलं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, आवाज उपजत तर रूप का नाही? गॉटलीबनेही आवाज उपजत आहे असंच धरलं होतं. इन्क्यूबेटरमधली, आईला कधीही न ऐकलेली मॅलार्डची पिल्लं मॅलार्डच्या हाकेकडेच जात, कोंबडीच्या हाकेकडे जात नसत. अगदी तुमच्यासारखंच. पण मग त्याने एक गोष्ट तपासली जी फार कमी लोकांना सुचली असती. पिल्लाची चोच अंड्यातल्या हवेच्या कप्प्यात शिरली की ते आवाज काढू लागतं, बाहेर पडण्याच्या दोन-तीन दिवस आधी. म्हणजे त्याने आईला ऐकलेलं नसलं तरी स्वतःला ऐकलेलं असतं. गॉटलीबने काही पिल्लांच्या आवाजाच्या अवयवावर अंड्यात असतानाच एक पातळ लेप लावला, त्यामुळे ती काही काळ मुकी राहिली. शिवाय त्यांना इतर अंड्यांपासून वेगळं ठेवलं. बाहेर आल्यावर या पिल्लांना मॅलार्ड आणि कोंबडी यांच्या हाकांतला फरक कळेना, दोन्हींकडे सारखीच जात. आणि अंड्यात असतानाच त्यांना पिल्लांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं, तर फरक पुन्हा कळू लागला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. आईची हाक ओळखणं हे स्वतःच्या किंवा भावंडांच्या आवाजावर घडतं, आणि तो आवाज आईच्या हाकेसारखा नसतोच. पिल्लाचा बारीक, चिरका. आईचा जाड, ठेका धरलेला. एक दुसऱ्याची नक्कल नाही. तरी पहिल्यावाचून दुसरं तयार होत नाही.

तुमच्या तीन अंड्यांचं बोलणं आठवा. एक थांबलं की दुसरं. ती दोन बाहेर आली नाहीत, पण तुमच्या पिल्लाचा कान घडवण्यात त्यांचाही वाटा असणार, असं मला मनापासून वाटतं.

रूपाचंही पूर्ण कोरं नाही. आम्ही पिल्लं पूर्ण अंधारात उबवायचो. मग एकेकाला एका चाकात ठेवायचं, पिंजऱ्यातल्या उंदराला असतं तसं. समोर आतून दिवा लावलेली लाल पेटी गोल फिरत असते. पिल्लू तिच्याकडे धावतं, चाक फिरतं, पिल्लू जागेवरच. किती फेरे झाले ते मोजायचं. अंधाऱ्या खोलीत फक्त चाकाची करकर आणि त्या पिल्लाची, आई सापडली की करतात तशी, बारीक समाधानाची चिवचिव. ती पेटीसाठी होती. मला रोज त्याचं वाईट वाटायचं, आणि रोज आश्चर्यही.

केंब्रिजला गॅब्रिएल हॉर्न आणि मार्क जॉन्सन यांनी १९८८ मध्ये दाखवलं की काहीही न पाहिलेल्या पिल्लांना अंधारातच थोडं चालू-फिरू दिलं, तर पुढे ती लाल पेटीपेक्षा पेंढा भरलेल्या कोंबडीकडे जास्त ओढली जातात. कोंबडीचे तुकडे विस्कटून लावले तरी चालतं, फक्त डोकं आणि मान जागेवर हवी. ते डोकं कोंबडीचंच असायला हवं असंही नाही. इटलीत जॉर्जिओ व्हालोर्तिगारा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नुसते प्रकाशाचे ठिपके दाखवले, चालणाऱ्या कोंबडीच्या सांध्यांवर असावेत तसे हलणारे. पिल्लं त्यांच्याकडे गेली. मांजराच्या चालीचे ठिपकेही त्यांना तितकेच पटले.

यातून मला कळलेलं असं. पिल्लू जन्माला येताना आईचं चित्र घेऊन येत नाही. डोकं-मान असलेलं, जिवंतासारखं हलणारं काहीतरी, इतकी ढोबळ रेघ घेऊन येतं. बाकीचे रंग समोर जे असेल त्यातून भरले जातात. हॉर्नच्या गटाने मेंदूतला एक छोटा भाग शोधला, त्याला इजा झाली की ठसा बसत नाही, पण डोकं-मानेची ती ढोबळ ओढ मात्र शाबूत राहते. दोन वेगळी कामं. लाखो वर्षं पिल्लू उबेतून डोकं बाहेर काढी तेव्हा समोर आईच असे. तिचा प्रत्येक पट्टा आणि पीस आतून लिहून देण्याची गरज पडली नाही, कारण ती तिथे असणारच होती. तुमच्या घरी त्या तासाला ती नव्हती. बूट होते.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते. मागे मागे येणं ही एक गोष्ट, आणि मोठं झाल्यावर जोडीदार म्हणून कोणाकडे बघायचं ही दुसरी. दुसरा ठसा उशिरा बसतो, बदकांत पुढच्या कित्येक आठवड्यांत, आणि तो जास्त चिवट असतो. क्लाउस इमेलमानने झेब्रा फिंच नावाच्या छोट्या पक्ष्याचे नर दुसऱ्या जातीच्या आईबापांकडून वाढवून घेतले. नंतर ते वर्षानुवर्षं आपल्याच जातीच्या माद्यांबरोबर राहिले, पिल्लंही झाली. तरी निवड समोर ठेवली की पाळणाऱ्या जातीच्या मादीपुढेच गात.

मी पंधरा वर्षांचा असताना वादळात घरट्यासकट पडलेलं होल्याचं पिल्लू वाढवलं. डोळे मिटलेले, अंगावर पिवळट केस. ते जगलं याचा मला फार अभिमान होता. पुढच्या वर्षी ते टेबलावर माझ्या उजव्या हातासमोर मान फुगवून, वाकून वाकून घुमायला लागलं. मी हात मागे घेतला की शोधत यायचं. खिडकीबाहेर मादी येऊन बसायची, तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. मी त्याला जगवलं, पण होला होऊ दिलं नाही. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला आठव्या दिवशीच प्रश्न पडला, म्हणून एवढं लिहिलं.

तेव्हा आजच सोबती आणा. तुमचं पिल्लू मादी निघालं तर काळजी आणखी कमी. मॅलार्ड माद्या कोणाकडेही वाढल्या तरी नराचा चमकता हिरवा माथा ओळखतात. नर मात्र वाढवणाऱ्यावरून शिकतात. 'जुनं खुराडं' यांचे कोंबड्यांच्या मागे लागणारे नर हेच सांगतात.

---

टिटवी

छान माहिती, पण एक पटत नाही. सगळंच अनुभवाने घडत असेल तर कोकीळ? कावळ्याच्या घरट्यात अंडं, कावळीने भरवलेलं, आणि मोठा झाला की कावळा होत नाही, कोकिळासारखाच ओरडतो. शिवाय प्रयोगशाळेतले प्रयोग मला नेहमी थोडे कृत्रिम वाटतात. मुकं केलेलं पिल्लू निसर्गात कुठे असतं?

---

कवचाआड

टिटवी, आक्षेप रास्त आहे. सगळं अनुभवाने घडतं असं मला म्हणायचं नाही. ज्या पक्ष्याचं पिल्लू दुसऱ्याच्या घरात वाढायचं असतं, त्याला पहिल्या चेहऱ्यावर विसंबून चालत नाही. त्याच्या बाबतीत ठसा हा सापळा ठरेल. म्हणून त्याचं गाणं शिकण्यावर सोडलेलं नाही. उलट चिमण्यांसारखे गाणारे पक्षी घ्या. पांढऱ्या पट्ट्याच्या डोक्याची एक अमेरिकन चिमणी आहे, तिच्या पिल्लाने पहिल्या दोनेक महिन्यांत मोठ्यांचं गाणं ऐकलं नाही तर मोठेपणी ते धड गाऊ शकत नाही. पीटर मार्लरने हे दाखवलं. आणि ऑस्ट्रेलियात ब्रश टर्की म्हणून पक्षी आहे. त्याची अंडी कुजणाऱ्या पालापाचोळ्याच्या ढिगात उबतात, पिल्लू एकटंच ढीग उकरत वर येतं, आईबापांची गाठ पडतच नाही. त्याला ठशाचा काय उपयोग? ते टोचे मारणाऱ्या दुसऱ्या पिल्लाच्या नुसत्या हालचालीकडे ओढलं जातं, यांत्रिक पिल्लू ठेवलं तरी.

प्रश्न उपजत की शिकलेलं असा नसतोच बहुतेक वेळा. कोणत्या पक्ष्याला कशावर भरवसा ठेवता आला, हा असतो. आई समोर असेल यावर. आपलाच आवाज ऐकू येईल यावर. अंड्यात उजेड येईल यावरसुद्धा. शेवटच्या दिवसांत कोंबडीचं पिल्लू असं वळलेलं असतं की उजवा डोळा कवचाकडे आणि डावा अंगाशी दबलेला. कोंबडी उठून गेली की कवचातून येणारा उजेड एकाच डोळ्याला मिळतो. लेस्ली रॉजर्सने दाखवलं की तेवढ्यानेही मेंदूच्या दोन बाजूंत कामाची वाटणी होते. उजेड मिळालेलं पिल्लू खड्यांतून दाणे टिपता टिपता वरच्या शिकारी पक्ष्यावर लक्ष ठेवू शकतं. पूर्ण अंधारात उबवलेल्याला ही दोन कामं एकदम नीट जमत नाहीत.

मुक्या पिल्लाबद्दल. बरोबर, निसर्गात ते नसतं. म्हणूनच तो प्रयोग करावा लागला. जे नेहमी मिळतंच त्याचा हात कुठे आहे हे ते काढून घेतल्याशिवाय दिसत नाही. मला आवडणारं याचं सगळ्यात साधं उदाहरण जॉश वॉलमनचं, १९७९ चं. त्याने कोंबडीच्या पिल्लांचे पाय कापडाने झाकले, एवढंच. स्वतःची बोटं त्यांना दिसली नाहीत. नंतर पहिल्यांदा अळी समोर ठेवली तर बोटं पाहिलेल्या पिल्लांसारखी ती तिच्यावर तुटून पडेनात. अळी खाणं हे कोणीही उपजत म्हणेल. त्यातही पहिल्या दोन दिवसांत आपल्याच बोटांना टोचे मारून बघण्याचा भाग आहे, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

आणि हे सगळं प्रयोगशाळेपुरतं नाही. अमेरिकेत व्हूपिंग क्रेन हा उंच पांढरा क्रौंच १९४१ मध्ये वीस-बावीसच उरला होता. त्यांची पिल्लं माणसांनी वाढवायची तर माणसाचा ठसा बसून चालणार नव्हतं. टेक्स नावाची एक मादी माणसांत वाढली होती आणि नर क्रौंचाकडे बघायलाच तयार नव्हती. जॉर्ज आर्चिबाल्ड हा शास्त्रज्ञ तिच्यासमोर क्रौंचासारखा नाचायचा, ऋतूमागून ऋतू, तेव्हा ती अंड्यावर आली. कृत्रिम रेतनाने १९८२ मध्ये तिचं एकच पिल्लू जगलं. पुढे माणसं अंगभर पांढरा झगा घालून, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली धरून, तोंडातून शब्द न काढता पिल्लांना भरवू लागली. २००१ पासून अशीच पिल्लं छोट्या विमानामागे उडवत विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला नेली, कारण स्थलांतराची वाट दाखवायला मोठे पक्षी नव्हते. एकदा वाट दाखवल्यावर परतीचा प्रवास ती आपली आपण करत.

पाऊलवाट, तुमच्यासाठी यातलं एवढंच घ्या: सोबती आले की काही दिवस पिल्लांसमोर कमी बोला, आणि दाणा-पाणी ठेवून लगेच मागे व्हा.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. लिहायला अकरा दिवस लागले, कारण सांगण्यासारखं काही होईपर्यंत थांबले होते.

नवव्या दिवशी तीन पिल्लं आणली, याच्यापेक्षा दोन दिवसांनी मोठी. पहिली रात्र वाईट गेली. ती तिघं एका ढिगात झोपली आणि माझं भिंतीकडे तोंड करून ओरडत राहिलं. गमबूट आत ठेवण्याचा फार मोह झाला. ठेवले नाहीत. बाहेरच्या खोलीत बसून राहिले. पहाटे आवाज थांबला म्हणून पोटात धस्स झालं, दार किलकिलं करून बघितलं तर ते ढिगाच्या कडेला होतं. आत नाही, कडेला, एका पिल्लाच्या पाठीवर चोच टेकून.

त्यानंतर मी बूट बदलले आणि बोलणं बंद केलं. बोलणं बंद करणं जास्त जड गेलं. आठ दिवस रोज त्याच्याशी बोलत होते.

चौथ्या दिवशी निळे गमबूट मुद्दाम घालून गेले, बघायला. ते आलं. आणि ते आलं म्हणून बाकीची तिघंही त्याच्या मागे आली, सगळी माझ्या टाचेशी. तेव्हा जरा घाबरले की आता चौघांचं बिघडवते की काय. परत गेले नाही त्या बुटांत.

काल संध्याकाळी ती अंगणात पाटीभर पाण्यात होती. मी पाइप धुवत होते आणि विसरून तेच बूट पायात होते, तीन-चार हातांवर. वरून घार गेली, फार खालून, सावली पाटीवरून सरकली. मी हातातलं टाकून पुढे झाले. माझ्या पिल्लाने मान एका बाजूला वळवून एका डोळ्याने वर बघितलं आणि ते उरलेल्या तिघांच्या मध्ये घुसलं. चौघांची पाठ माझ्याकडे होती.

आवाज फुटला की नर की मादी ते कळेल, तेव्हा इथेच लिहीन. आणि 'कवचाआड', त्या दोन अंड्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे. ती दोन अंडी मी जास्वंदीखाली पुरली होती.